तिसरं वाक्य लहान

विक्रोळी (पूर्व), ८ जुलै २०२४

मदत कक्षात बसलेल्या माणसास,

तुम्ही माणूस आहात असं धरून लिहिते. यंत्र असाल तर हे पत्र जवळच्या एखाद्या माणसाच्या हातात द्या आणि बाजूला व्हा.

मी शेवंती गायकवाड. महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. सभांमधून बोलते, या भागात कुठेही माईक लागला की मला बोलावणं येतं. आमच्या वसाहतीतल्या बुद्धविहाराच्या वाचनालयात रोज संध्याकाळी बायकांचा इंग्रजीचा वर्ग भरतो. इंग्रजी तुमचं अ‍ॅप शिकवतं. मी वर्ग चालवते, म्हणजे दार उघडते, भांडणं सोडवते आणि कुणी कुकर लावायचाय म्हणून उठली की दारात आडवी उभी राहते.

काल तुम्ही आमचं खातं बंद केलं. जयाने पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवला. नंदा साळवे या खात्यावरची उत्तरं एकाच व्यक्तीची वाटत नाहीत, म्हणून तपासणी होईपर्यंत खातं आणि प्रमाणपत्र दोन्ही थांबवलं आहे.

शाबास! बरोबर ओळखलंत. ती एका व्यक्तीची नाहीतच. आमच्याकडे टॅब एक आहे आणि बायका पुष्कळ. पहिल्या दिवशी नंदा पुढे बसली होती, म्हणून तिचं नाव टाकलं. जया ब्लाऊज शिवते, तिला भूतकाळ चांगला येतो. सुगंधा पोळीभाजी केंद्र चालवते, तिला भूतकाळ येत नाही पण अनेकवचनात ती कुणाला हार जात नाही. एकीने बोट लावायचं, दुसरीने मागून ओरडायचं, तिसरीने चूक काढायची. जगात ज्यांच्या घरी शिक्षक ठेवायची ऐपत नव्हती ती सगळी माणसं अशीच शिकली. तुमच्या यंत्राला शिकणारा म्हणजे बंद खोलीत एकटा बसलेला मुलगाच ठाऊक असेल, तर चूक यंत्राची आहे.

आता मुद्द्याचं. नंदा मुलुंडच्या एका खाजगी रुग्णालयात साफसफाईचं काम करते. तिथे सगळे तिला मावशी म्हणतात. रुग्णालय आता सगळ्या मावश्यांना ठेकेदाराकडे देणार आहे. रुग्णनोंदणीच्या खिडकीवर मात्र स्वतःची माणसं ठेवणार, आणि तिथे जाण्यासाठी कामावरच्यांची इंग्रजीची परीक्षा आहे. परीक्षेला बसायला तिसऱ्या पायरीचं प्रमाणपत्र लागतं. नंदा त्या प्रमाणपत्रापासून एका धड्यावर होती. तुम्ही तिच्या पायाखालची फरशी काढलीत.

खातं ताबडतोब सुरू करावं.

ता.क. आपल्या कंपनीत आमच्या वसाहतीतला एक मुलगा कामाला आहे आणि हा टॅब त्यानेच आईच्या हाती विहाराला पाठवला, असं ऐकते. त्याचा या पत्राशी काही संबंध नाही. त्याला दाखवायची गरज नाही.

शेवंती गायकवाड


विक्रोळी, १७ जुलै

सम्यक,

तुलाच दाखवलं शेवटी. बंगळूरच्या त्या कचेरीत मराठी वाचणारा तू एकटाच निघालास, हे माझ्या नशिबाचं काम.

तुझं उत्तर मिळालं. "बाई, खातं सुरू करतो. प्रमाणपत्र मात्र देता येणार नाही. ते नंदामावशीचं नाही." दोन ओळींत मोकळा झालास. वाचून माझं डोकं असं तापलं की जया म्हणाली, "बाई, आधी पाणी प्या, मग शिव्या द्या."

हे तुझं जुनंच आहे. चौदा एप्रिलचा मंच, समोर अख्खी वसाहत, पुढच्या रांगेत तुझी आई नवी साडी नेसून बसलेली. मी लिहिलेलं भाषण तू अर्ध्यापर्यंत झकास म्हणत आणलंस. टाळ्या पडत होत्या. आणि अचानक थांबून माईकवर म्हणालास, "पुढचं सगळं बाईंनी लिहिलंय. ते माझं नाही." उतरलास आणि चालायला लागलास. तेव्हापासून आपण बोललो नाही. भाषण उत्तम होतं, हे मी आजही म्हणते.

तुला शाळेत वक्तृत्व कुणी शिकवलं? पहिलं वाक्य शेवटच्या रांगेसाठी, मोठ्याने. दुसरं पहिल्या रांगेसाठी, पुरावा देऊन. तिसरं लहान. घोटून घेतलं होतं तुझ्याकडून. इतकं लहान की टाळी वाजायला जागा राहील. आणि तू मला दोनच ओळी लिहितोस.

असो. नंतर जयाला फोनवर तू जे लांबलचक सांगितलंस, त्यातला एक मुद्दा मान्य करते. तू म्हणतोस, एक टॅब आणि अनेक माणसं ही आमची चालूगिरी नाही, आपल्या निम्म्या देशात असंच चालतं आणि हे कंपनीला आधी कळायला हवं होतं. माझं पत्र तू बैठकीत सगळ्यांना भाषांतर करून वाचून दाखवलंस. यंत्राने बाजूला व्हावं, हे वाक्यसुद्धा. आता एकाच टॅबवर प्रत्येकीची वेगळी चौकट होणार. टॅब उघडला की तो विचारणार, कोण शिकतंय, आणि आपापल्या चौकटीवर बोट ठेवायचं. हे तू भांडून मिळवलंस. आभार मानते. अजून रागावलेलीच आहे, पण मानते.

राहिला तुझा प्रश्न. सकाळी उजाडताना टॅबवर कोण लिहितं, ती उत्तरं इतरांहून वेगळी आहेत, 'स्वतःच्या मनाने चार ओळी लिहा' या भागात ती व्यक्ती पानभर लिहिते, असं तू म्हणतोस. मला काय माहीत? विहाराची किल्ली माझ्याकडे असते, झाडलोटीला मी लवकर उघडते. येत असेल कुणी. तू तुझं काम कर.

माझी पत्रं मी कागदावरच लिहिते. जया फोटो काढून तुला पाठवते आणि पाठवण्याआधी वाचते. जया, वाचत असशील तर हसू नकोस.

बाई


विक्रोळी, ४ ऑगस्ट

सम्यक,

चौकटी आल्या. वर्गात जत्रा भरली.

प्रत्येकीला तू वेगळं चित्र दिलंस. आईला विचारून दिलंस ना? जयाला कात्री. नंदाला खिडकी, तिने त्या खिडकीवर बोट फिरवलं आणि लाजली. आणि सुगंधा तर आपल्या मालवणीत ओरडलीच, "अगो बाय माझे! माझ्या चौकटीत ह्येनी बांगडो काढलोहा! माका बांगडो आवडता ता ह्येका कोणी सांगल्यान?"

जया म्हणाली, "पोळीभाजी केंद्राबाहेर वास येतो ना, बंगळूरपर्यंत गेला असेल."

शेवटी एक चौकट जास्त निघाली. तिच्यावर माईकचं चित्र, खाली नाव नाही. जयाने विचारलं, "बाई, ही कुणाची?" मी म्हटलं, कंपनीचं काहीतरी असेल, हात लावू नका.

मग प्रत्येकीने आपल्या चौकटीत सुरुवातीची चाचणी दिली. एकटीने, मागून कुणी ओरडायचं नाही. मी स्वतः पहाऱ्याला उभी होते. जया तिसऱ्या पायरीच्या वर गेली. सुगंधा दुसऱ्या पायरीवर आली. नंदा पहिलीवरच राहिली, तीही जेमतेम.

सगळ्यांनी नंदाकडे बघितलं. 

जया म्हणाली, "अगं नंदे, खातं तुझ्या नावावर, रोज पुढे तू बसायचीस. मग इतके दिवस काय करत होतीस गं?"

नंदाने टॅबकडे बघतच सांगितलं, "तुम्ही सांगत होता ना. मी तुमच्या मागे हो म्हणत होते."

सम्यक, मी आयुष्यभर मंचावरून 'आम्ही' म्हणत आले. आम्ही मागणार, आम्ही मिळवणार. तो शब्द खोटा नाही, मी तो सोडणारही नाही. पण त्या 'आम्ही'च्या पोटात एक बाई गप्प बसून हो म्हणत होती आणि ते मला दिसलं नाही. मी समोर उभी असून दिसलं नाही, तुझ्या चौकटीला दिसलं. तू प्रमाणपत्र दिलं असतंस तर नंदा आमची उत्तरं घेऊन परीक्षेला गेली असती आणि तिथे तिच्या मागून ओरडायला कुणी नसतं. अडवलंस ते बरं केलंस. हे वाक्य लिहिताना मला किती कष्ट पडले असतील याची कल्पना करून ते दोनदा वाच.

नंदा म्हणाली, "मी नाही येत उद्यापासून. परीक्षेचं राहू दे." मी दारात आडवी उभी राहिले. ती बाजूने जायला लागली तर सुगंधाने तिच्या हातात टॅब कोंबला. "खंय चललंस? ह्यो हातात धर. भारी आसा, घेवन पळूक जमाचा नाय."

आता तू पाठवलेल्या तक्त्याबद्दल. नंदाच्या चौकटीत सगळीकडे थोडं हिरवं, थोडं पिवळं आहे आणि एकाच जागी सलग लाल, प्रश्न रचायचे तिथे. तू लिहितोस की ती तिथे चुकीचं उत्तर देत नाही, जागा रिकामी सोडते, आणि असं का हे यंत्राला सांगता येत नाही. यंत्राचा हा प्रामाणिकपणा मला आवडला. पुष्कळ माणसांकडे तो नसतो.

मी नंदाला बाजूला घेऊन विचारलं, "कामावर तू कुणाला काय काय विचारतेस?"

"कशाला विचारू बाई? मला सांगतात, मी करते."

"आणि घरी?"

"घरी पण."

म्हणजे इंग्रजी हा नंतरचा आजार. या बाईने मराठीतसुद्धा कधी प्रश्न विचारलेला नाही. आणि रुग्णनोंदणीच्या खिडकीवर दिवसभर करायचं काय असतं? प्रश्नच विचारायचे. नाव काय, वय काय, दुखतंय कुठे, सोबत कोण आलंय.

लाल कुठे आहे ते तू दाखवलंस. ते का लाल आहे ते मी शोधलं. पुढचं आम्ही दोघी बघतो.

बाई


विक्रोळी, २१ ऑगस्ट

सम्यक,

तुझ्या त्या रंगीत ठोकळ्यांनी आमच्या बायकांना वेड लावलंय. वाक्याचे तुकडे बोटाने ओढायचे आणि ओळीत बसवायचे. आपलं क्रियापद सवयीने शेवटी जाऊन बसतं, त्याला उचलून मधे आणायचं. प्रश्न करायचा तर हिरवा ठोकळा ओढून सगळ्यांच्या पुढे न्यायचा, आणि बाकीचे ठोकळे आपोआप सरकून त्याला जागा देतात. मी फळ्यावर खडूने हे वर्षभर सांगितलं असतं. इथे ते डोळ्यांसमोर हलतं. सुगंधा म्हणते, चपाती लाटताना तिला ठोकळे दिसतात.

जयाने व्हॉट्सअ‍ॅपवर आमचा गट काढला. रोज प्रत्येकीने आपल्या आवाजात एक प्रश्न पाठवायचा, दुसरीने उत्तर द्यायचं. स्वतःचा आवाज पुन्हा ऐकता येतो हे मोठं. जया पहिल्यांदा ऐकून म्हणाली, "ई, मी अशी बोलते? माझा नवरा कसा सहन करतो यार?" नंदाही पाठवायची, पण कसं? आधी ठोकळ्यांवर वाक्य लावायची, मग ते बघून वाचायची. पडद्यावर तिचं लाल आता पिवळं झालं होतं. समोर माणूस उभा राहिला की मात्र तोंड बंद.

तेव्हा मी माझं हत्यार काढलं.

वर्गाला सांगितलं, उद्यापासून मी रोज थोडा वेळ भाषण करणार. विषय पाणी, विषय रस्ते, विषय इमारतींचा पुनर्विकास. नंदाने मला मधेच तोडायचं आणि इंग्रजीत प्रश्न विचारायचा. ती विचारत नाही तोवर मी थांबणार नाही आणि कुणी घरी जाणार नाही.

"बाई, माझा कुकर!" जया ओरडली.

"तुझा कुकर नंदाच्या हातात आहे."

तुला ठाऊक आहे, मला मधे बोललेलं आवडत नाही. सभेत कुणी शिट्टी मारली तरी मी त्याला नाव घेऊन खाली बसवते. इथे मी स्वतःच सांगत होते, तोड मला. पहिल्या दिवशी नंदा उभी राहिली, पदर सारखा केला, खाली बसली. दुसऱ्या दिवशी उभी राहून तिने तोंड उघडलं आणि "सॉरी बाई" म्हणून मिटलं. सुगंधा कपाळाला हात लावून म्हणाली, "वाट लागली. आज सगळ्यांची घरां उपाशी."

मग परवा मी पुनर्विकासावर बोलत होते. चांगली तापले होते. बोलता बोलता म्हणाले की या पट्ट्यातल्या दहातल्या नऊ कुटुंबांना बिल्डरने फसवलंय.

"बाई, हाऊ डू यू नो?"

मी थांबले. नंदा उभी होती. तिलाच कळलं नव्हतं की ती उभी आहे.

आता मला हे कसं माहीत? मला माहीत नव्हतं. भाषणात आकडा थोडा फुगतो, तसा तो फुगला होता. मी म्हटलं, लोक म्हणतात.

"हू सेज?"

"नंदा, खाली बस."

"व्हाय?"

अरे, वर्ग असा उसळला की शेजारच्या व्यायामशाळेतली मुलं बघायला आली. जया टेबल बडवत होती. नंदा थांबेना. मला विचारलं हा आकडा कुठे वाचला, सुगंधाला विचारलं आजच्या भाजीत मीठ कमी का होतं, जयाला विचारलं तिचा ब्लाऊज कधी मिळणार. जया म्हणाली, "बाई, हिला आता बंद करायचं बटण कुठे आहे?"

मला इतक्या वर्षांत कुणी मंचावर अडवलं नव्हतं. तू उतरून गेलास, अडवलं नाहीस. आणि जिने कधी कुणाला काही विचारलं नाही, तिने मला उघडं पाडलं. त्या संध्याकाळी मी घरी चालत गेले आणि वाटभर हसत होते.

दहातल्या नऊचा आकडा मी आता वापरत नाही. खरा आकडा शोधतेय.

बाई


विक्रोळी, १२ सप्टेंबर

सम्यक,

घाईत लिहिते. तिसऱ्या पायरीचं प्रमाणपत्र आलं, नंदाच्या नावाचं, नंदाच्या चौकटीतून. परीक्षा येत्या सोमवारी आहे.

मधे एक गोष्ट झाली. ठेकेदाराचा माणूस रुग्णालयात कागद घेऊन आला. जी मावशी आज सही करेल तिला पुढच्या महिन्यापासून काम पक्कं, जी करणार नाही तिचं नंतर सांगता येत नाही. सगळ्या ओळीत उभ्या राहिल्या. नंदाही. सही केली तर खिडकीची परीक्षा गेली. केली नाही आणि परीक्षेत नापास झाली तर दोन्हीकडून गेली. आणि घरात कमावणारी ती एकटी.

तिचा नंबर आला. तिने पेन हातात घेतलं आणि मराठीतच विचारलं, "सही केल्यावर आमची इथली जुनी वर्षं धरणार का?"

माणूस म्हणाला, "ते पुढचं पुढे बघू."

"कोण बघणार? तुमचं नाव काय?"

मागच्या बायका कुजबुजायला लागल्या. त्याने नाव सांगितलं नाही. नंदाने पेन टेबलावर ठेवलं आणि बाहेर आली. तिच्यामागून आणखी काही जणी आल्या. त्या आता युनियनच्या माणसाला भेटायला निघाल्यात, मला सोबत बोलावलंय.

हे तुझ्या तक्त्यात कुठे दिसणार नाही, म्हणून कळवते. तो लाल भाग कुठल्या रंगाचा झाला ते तूच ठरव.

रात्री तिने फोन केला, "बाई, मी चूक तर नाही केली?" मी म्हटलं, हा पण प्रश्नच आहे. ती हसली. मला मात्र सोमवारपर्यंत झोप लागणार नाही. मंचावरून इतरांना धाडस करा म्हणून सांगणं सोपं असतं. कुणी खरंच केलं की तिचं घर कसं चालेल याचा हिशोब आपणच करत बसतो.

बाई


विक्रोळी, ६ ऑक्टोबर

प्रिय सम्यक,

हे पत्र जयाकडे दिलेलं नाही. पाकिटात घालून, तिकीट लावून, स्वतः पोस्टात टाकतेय. का ते कळेल.

आधी नंदाचं. पास झाली. लेखी परीक्षेत काठावर होती. पण तोंडी परीक्षेत त्यांनी तिला एक रुग्ण समोर आहे असं समजून बोलायला सांगितलं आणि तिने इतकं विचारलं की परीक्षक बाईने शेवटी स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल सांगून टाकलं. जुनी वर्षं धरून तिला खिडकीवर घेतलं आहे. बाकीच्या मावश्यांच्या वर्षांबद्दल युनियनची बोलणी चालू आहेत. तिथे मी आकडे तपासून बोलते.

काल मी मुलुंडला गेले. गुडघा दुखतोच माझा, पण खरं म्हणजे बघायला गेले. रांगेत उभी राहिले. काचेपलीकडे नंदा, निळा कोट, समोर कॉम्प्युटर. माझ्या पुढचे एक म्हातारे गृहस्थ दाक्षिणात्य होते, त्यांना मराठी-हिंदी येत नव्हतं. नंदा त्यांना इंग्रजीत विचारत होती. काळ-बिळ इकडे तिकडे होत होता, पण प्रश्न सरळ जात होते आणि उत्तरं येत होती. माझी पाळी आली. तिने वर पाहिलं, ओळखलं आणि चेहरा अजिबात हलू दिला नाही.

"नेम प्लीज?"

"शेवंती गायकवाड."

"एज?"

सांगितलं.

"बाई, रिअली?" म्हणाली आणि मग मात्र हसली. मागच्या रांगेने आम्हाला दोघींनाही हाकललं.

आता पाकिटातलं.

सकाळी टॅबवर कोण लिहितं, हे तू जुलैत विचारलंस. मीच लिहिते. तुला तेव्हाही माहीत होतं.

विहारातलं ते काचेचं कपाट तुला आठवतं, ज्यांची चौदा एप्रिलला जयंती त्यांच्या जाड इंग्रजी खंडांचं? त्यातलं सगळं मी भाषांतरात वाचलंय. मंचावरून त्यातली वाक्यं मुखोद्गत म्हटलीत, लोक उभे राहिलेत. रोज त्या कपाटावरची धूळ पुसते. पण मूळ पान उघडलं की चौथ्या ओळीत अडकायचे. वाक्य इतकं लांब असायचं की त्यात कुणी काय केलं तेच सापडायचं नाही. मला ती वाक्यं त्यांच्या स्वतःच्या आवाजात ऐकायची होती, कुणाच्या मध्यस्थीशिवाय. आणि जी बाई मराठीसाठी मोर्चे काढते ती इंग्रजी गिरवतेय हे वसाहतीला दिसायला नको होतं. म्हणून पहाट. म्हणून नंदाचं खातं. ठोकळे ओढायचे, आणि 'स्वतःच्या मनाने लिहा' आलं की मोडक्यातोडक्या इंग्रजीत मनातलं सगळं लिहायचं. पाण्याबद्दल, शाळांबद्दल. एकदा तुझ्याबद्दलही लिहिलं.

ऑगस्टमध्ये माईकची चौकट आली तेव्हा मी सगळ्यांसमोर हात लावू नका म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना तिच्यावरच बोट ठेवलं.

गेल्या आठवड्यात मी तिथे लिहिलं होतं नंदाबद्दल. आम्ही घाबरलो होतो, असं. ती घाबरली नव्हती, असं. आणि तिसरं एक लांबलचक वाक्य, ज्यात मी खिडकी, ठेकेदार, युनियन आणि देशाचं भवितव्य सगळं घातलं होतं. अ‍ॅप नेहमी खाली इंग्रजीत शेरा देतं, तो ठराविक असतो. त्या दिवशी शेरा मराठीत होता.

"बाई, तिसरं वाक्य लहान करा."

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मग मागे गेले आणि माझी सगळी उत्तरं वर काढून वाचली, जुलैच्या आधीपासूनची. इंग्रजी वाईट. पण प्रत्येक उत्तरात एक मोठ्याने म्हटलेलं वाक्य, एक पुराव्याचं, आणि मग तिसरं. तू मला शब्दांवरून ओळखलं नाहीस, ठेक्यावरून ओळखलंस. आणि ओळखल्यावर कुणाला काही न बोलता माझ्यासाठी एक चौकट रिकामी ठेवलीस. नाव टाकलं नाहीस. ते मी टाकायचं म्हणून ठेवलंस.

माझं भाषण तुझं नव्हतं म्हणून तू उतरलास. पण त्यातलं मापाचं जे काही होतं ते तू सोबत नेलंस, आणि इतक्या लांबून, पडद्याच्या पाठीमागे बसून, मलाच परत शिकवलंस. शिक्षिकेला याहून जास्त काय मिळतं ते मला ठाऊक नाही.

आज संध्याकाळी वर्गात टॅब उघडला. सगळ्या होत्या, नंदा कामावरून कोटासकट आली होती. टॅबने विचारलं, कोण शिकतंय. मी पुढे झाले, माईकच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि खाली नाव लिहिलं. शेवंती.

 मग जया म्हणाली, "म्हणजे सकाळची ती भुताटकी तुम्ही होय?" सुगंधा म्हणाली, "बाई, तुमची पायरी खंयची गो?" आणि नंदाने खुर्ची ओढून समोर बसत विचारलं, "बाई, व्हाय यू डिड नॉट टेल अस?"

ठोकळा चुकला होता. मी दुरुस्त केला नाही. प्रश्न बरोबर होता.

तुझी आई सांगत होती, येत्या चौदा एप्रिलला तू येणार की नाही ते अजून ठरलेलं नाही. या खेपेला मंचावर नंदा बोलणार आहे, स्वतः लिहिलेलं. मी कागद बघितलासुद्धा नाही. मी समोर बसणार, पहिल्या रांगेत, आणि माझ्या शेजारची खुर्ची कुणाला देऊ नका असं मंडळाला सांगून ठेवलंय. तेव्हा आता शेवट करते, तू शिकवलास तसा.

सम्यक, टॅब पाठवलास, प्रमाणपत्र अडवलंस आणि माझी चौकट रिकामी ठेवलीस, यासाठी ही वसाहत आणि ही म्हातारी तुझी ऋणी आहे! याचा पुरावा मुलुंडला एका खिडकीमागे निळा कोट घालून बसतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला प्रश्न विचारतो. ये.

बाई